दृष्टी गेल्यावर चित्रकाराने काय करावं?

काचबिंदूमुळे मामांची नजर उतरत चालली आहे आणि त्यांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली, असं तुम्ही लिहिलंय. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, डोळ्यांच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. पण मामांना बिनोद बिहारी मुखर्जींची गोष्ट जरूर सांगा.

बिनोदबाबू (१९०४-१९८०) शांतिनिकेतनचे चित्रकार, तिथल्याच नंदलाल बोस या चित्रकाराचे शिष्य. लहानपणापासून एक डोळा निकामी, दुसऱ्यानेही जेमतेमच दिसायचं. तरी १९४६-४७ मध्ये त्यांनी तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संत रंगवले. अशा भित्तिचित्रात गिलावा ओला असेतोवरच रंग लावावा लागतो, चुकलं तर खरवडा आणि पुन्हा लिंपा. या माणसाने भिंतीच्या मापाचं कच्चं रेखाटनही केलं नव्हतं. त्या संतांत सूरदास आहेत, हे कळलं तेव्हा मी जरा चरकलोच. कारण पुढे दहाएक वर्षांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि होती तेवढी नजरही गेली.

मग त्यांनी काय केलं? ब्रश घेऊन अंधारात चाचपडत बसले नाहीत. कागद कापून चिकटवायला लागले, घड्या घालून आकृत्या करायला लागले, छोटी शिल्पं घडवली. १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं भित्तिचित्रही केलं. ते करताना मदतीला माणसं होती, पण रचना त्यांचीच. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे बिनोदबाबूंचे विद्यार्थी. त्याच वर्षीच्या रायांच्या माहितीपटात या कामाचं चित्रण आहे. मामांना तो नुसता ऐकवलात तरी चालेल.

लोक याला जिद्द म्हणतात. असेलही. मला त्यात कारागिराची अक्कल जास्त दिसते. पेन्सिलची रेघ बोटाला लागत नाही, कागदाची घडी लागते, कापलेली कड लागते. एकदा आठवीच्या वर्गात मी मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून कागदाचे बैल करायला लावले होते. एरवी ज्याच्या वहीत शेरेच जास्त असायचे, त्याचा बैल सगळ्यांत डौलदार झाला. (हेडमास्तर दारात उभे राहून बघत होते, ते वेगळंच प्रकरण.)

तेव्हा पेटी सध्या माळ्यावरच राहू द्या. थोडीफार नजर आहे तोवर मामांच्या हातात कार्डशीट आणि बोथट टोकाची कात्री द्या. पहिले आठ दिवस काय केलंत म्हणून विचारू नका.