लिनक्स गेटवे (मॉडेम आणि घरातल्या नेटवर्कमधला लिनक्स संगणक) रीबूट केला की नेट पळतं, दोन-तीन दिवसांत रांगायला लागतं. मॉडेमला लॅपटॉप थेट लावला की वेग पूर्ण मिळतो. काय तपासू?

मॉडेमला लॅपटॉप थेट लावला की वेग पूर्ण मिळतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे लाइन ठीक आहे, गोम गेटवेतच आहे. पुढच्या वेळी नेट मंदावलं की लगेच रीबूट करू नका, सगळा पुरावा त्यातच पुसला जातो.

आधी एक मोठं डाउनलोड लावा आणि ते चालू असतानाच नव्या साइट उघडून बघा. डाउनलोड जोरात, पण नवी पानं अडखळतात? मग बहुतेक कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल, म्हणजे गेटवेतून जाणाऱ्या प्रत्येक जोडणीची नोंदवही, भरलंय. डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ दिसलं की शंकाच नको. (तसं काही नसेल, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा, तपासा.) जुळलेल्या टीसीपी जोडणीची नोंद लिनक्स मूळ सेटिंगनुसार ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस, जपून ठेवतं. वायफायबाहेर गेलेला फोन, मध्येच बंद केलेलं टॉरंट, यांच्या निरोप न घेता तुटलेल्या जोडण्या तिथेच पडून राहतात. नुसती कमाल मर्यादा वाढवणं म्हणजे कचरा तसाच ठेवून डबा मोठा घेणं. आधी ‘एस्टॅब्लिश्ड’चा, म्हणजे जुळलेल्या जोडणीचा, टाइमआउट ७४४० सेकंद करा: टीसीपीचं किपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते विचारणारं पॅकेट) सहसा २ तासांनी जातं, त्यावर ४ मिनिटांची सवड. मग हवं तर नोंदींची मर्यादा २,६२,१४४ करा. एक खोच आहे. बूट होताना कॉनट्रॅक (कनेक्शन ट्रॅकिंगचं) मॉड्यूल चढण्याआधीच सिसकंट्रोलची (sysctl, कर्नलच्या सेटिंगची) फाइल वाचली गेली, तर हे आकडे लागूच होत नाहीत. म्हणून ते मॉड्यूल बूटच्या यादीत टाका आणि रीबूटनंतर आकडे पुन्हा वाचून खात्री करा.

सगळंच मंद असेल आणि वेग ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल, तर एथटूल (ethtool) या कमांडने दोन्ही नेटवर्क कार्डांचा लिंक स्पीड बघा. १००० च्या जागी १०० दिसलं तर दोष केबलचा किंवा क्रिम्पिंगचा, म्हणजे टोकाला प्लग बसवण्याचा. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार सैल झाली तरी लिंक सहसा तुटत नाही, गुपचूप खाली उतरते. रीबूटमध्ये वेग ठरवण्याची बोलणी नव्याने होतात, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. स्पीड सेटिंगमधून जबरदस्तीने बसवू नका, केबल बदला.

दोन्ही ठीक निघालं, तर टॉप (top, प्रोसेसरवरचा भार दाखवणारी कमांड) उघडून १ दाबा, म्हणजे प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. एकाच कोअरचा ‘एसआय’ (si, पॅकेट हाताळण्यासारख्या कामात गेलेला वेळ) शंभर टक्क्यांकडे गेला असेल, तर पॅकेटांचा सगळा भार त्या एकावर पडतोय. प्रोसेसरचं तापमान आणि फ्रिक्वेन्सीही तेव्हाच बघा. धुळीने पंखा अडला तरी नेमकं असंच होतं.