मे महिन्यातल्या झळा आणि जूनमधला पाऊस: वारा एकच का?

प्रश्न: सर, मे मध्ये गच्चीवर गेलं की वायव्येकडून अशा झळा येऊन राहतात की तोंड भाजतं, आणि जून अर्धा झाला की तोच वारा फिरून ओला होतो. पुस्तकात तर लिहिलंय की विषुववृत्तावर हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते, मग वारा सरळ उत्तर-दक्षिण का नाही वाहत? आणि दिशा कशी काय बदलतो?
- एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर: पुस्तकातलं बरोबरच आहे हो, फक्त पृथ्वी फिरते हे त्यात धरायचं राहिलं. विषुववृत्तावरची जमीन तासाला सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, आपलं नागपूर साधारण १५६० ने आणि ध्रुवावर हा वेग शून्य. म्हणजे उत्तरेकडची हवा विषुववृत्ताकडे निघाली की खालची जमीन तिच्यापेक्षा जोरात पळते, हवा मागे पडते, आणि आपल्याला वाटतं वारा ईशान्येकडून येतोय. हेच व्यापारी वारे, आणि पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांचा संबंध इंग्लंडच्या जॉर्ज हॅडलीने १७३५ सालीच जोडला होता.

वर गेलेली हवा ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते, उतरताना तापते, कोरडी होते, त्यामुळे तिथे ढग टिकत नाहीत. सहारा त्याच पट्ट्यात आहे. त्याच्या पलीकडे ध्रुवाकडे जाणारी हवा जमिनीच्या पुढे निघते, ते पश्चिमी वारे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे ढग-पाऊस आणणारी कमी दाबाची क्षेत्रं, यांच्याच सोबत येतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडच्या संत्राबागांवर गारपीट होते तेव्हा बरेचदा त्यात यांचा हात असतो.

आता तुमचा "तोच वारा". तो तोच नाहीच मुळी! मे मधला वारा राजस्थानकडच्या तापलेल्या जमिनीवरून येतो, त्यात ओलावा नावालाच, म्हणून तर आपले कूलर मे मध्ये इतके गार करतात आणि जुलैत नुसती चिकचिक. आणि जूनमधला वारा निघतो पार विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून! सूर्य उत्तरेकडे सरकतो, जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, कमी दाबाचा पट्टा उत्तर भारतावर येतो, मग दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळून नैर्ऋत्य वारे होतात आणि अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतात. त्यातलं बरंचसं सह्याद्रीवरच रिकामं होतं, त्यामुळे विदर्भात जोराच्या पावसासाठी बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांची वाट पाहावी लागते.

जुलैत ढग थोडे फाटले की गच्चीवरून नक्की बघा, खालचे ढग बहुतेक पश्चिमेकडून येताना दिसतील आणि खूप उंचावरचे पिसासारखे पांढरे ढग पूर्वेकडून. ती त्या कमी दाबाच्या पट्ट्यात वर गेलेली हवा आहे, परत दक्षिणेकडे निघालेली, आणि तिलाही पृथ्वीच्या फिरण्याने उजवीकडे वळवलेलं असतं.