वडिलांना जठराचा कॅन्सर झाला. मिसळ-लोणचं सोडू, की जनुकांची तपासणी करू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना एकसष्टाव्या वर्षी जठराचा कॅन्सर झाला, घर नाशिकचं, रविवारी मिसळ ठरलेली आणि पापड-लोणचं रोजचं. दोष रक्ताचा की ताटाचा, हा तुमचा प्रश्न. यात तिसरा भिडू राहून गेलाय आणि सुरुवात त्याच्यापासून करायला हवी: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला कॅन्सरकारक ठरवलं.

आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो, पण कॅन्सर फार थोड्यांना होतो. कोणाला होणार, यात जनुकं आणि जेवण दोन्हींचा हात असतो. जंतूमुळे जठराच्या अस्तराला सूज येते. काहींच्या इंटरल्युकिन-१ बीटा या जनुकाची ठेवणच अशी असते की ही सूज जास्त भडकते. या जनुकातून बनणारा पदार्थ ॲसिडही दाबतो. वर्षानुवर्षं असं चाललं की ॲसिड बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात आणि अस्तर आतड्यासारखं होऊ लागतं. ॲसिड घटलेल्या पोटात इतर जंतू वाढतात आणि नायट्रेटपासून घातक नायट्रोसो संयुगं तयार व्हायला वाव मिळतो.

जेवणातला मोठा गुन्हेगार मीठ. जास्त मिठाने अस्तरावरचा चिकट थर खराब होतो आणि जंतूचं फावतं. मिसळीच्या तिखटावर ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही. फरसाण, शेव आणि पापडातल्या मिठाकडे बघा. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. किलोभर कैरीच्या लोणच्याला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ लागतं, तेव्हा मोठा चमचाभर लोणच्यातच दीड-दोन ग्रॅम गेलं. महिन्यातून दोनदा मिसळ खाल्ल्याने काही बिघडत नाही. रोजचं लोणचं आधी कमी करा. सुकट-बोंबील आणि सॉसेज-सलामी क्वचितच. कांदा, लसूण, पेरू, टोमॅटो नाशिकला कमी नाहीत, ते ताटात वाढवा. घरात कोणी तंबाखू, मिश्री किंवा विडी घेत असेल तर मिठाच्या आधी ती बंद व्हायला हवी.

आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कॅन्सर असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो. त्यातलं सगळं जनुकांचं नसतं: एका घरात चूल एक, मिठाचा हात एक आणि लहानपणी एकमेकांकडून मिळालेला जंतूही एकच. दिलासा हा की जंतू काढता येतो. कोरियात रुग्णांच्या अशाच सख्ख्या नातलगांवर झालेल्या अभ्यासात (२०२०) सुमारे नऊ वर्षांत जंतूवर औषध दिलेल्यांपैकी १.२ टक्क्यांना कॅन्सर झाला, न दिलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना.

म्हणून आधी युरिया ब्रीथ टेस्ट (श्वासाची चाचणी) किंवा शौचाची अँटिजेन तपासणी करा. इथेच बहुतेकजण चुकतात: पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना चाचणी केली तर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद हवीत. रक्तातली अँटिबॉडी चाचणी नको, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. जंतू सापडला तर बहुधा चौदा दिवसांचा कोर्स मिळेल. आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. अस्तर आधीच झिजलंय का, हे मात्र दुर्बिणीच्या तपासणीत तुकडा घेतल्यावरच कळतं. तुमच्या घरचा इतिहास बघता पोटविकारतज्ज्ञांना त्याबद्दल विचाराच.

जनुकांची तपासणी सरसकट नको. वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट काढा आणि त्यात कॅन्सरचा प्रकार ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ लिहिलाय का बघा. तसं असेल आणि घरात आणखी कोणाला जठराचा किंवा स्तनाचा लोब्युलर प्रकारचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाकडे जा; सीडीएच१ जनुक तपासायला सांगतील. त्यात दोष निघाला तर लोणचं सोडून भागत नाही. हा कॅन्सर अस्तराखाली पसरतो, दुर्बिणीतून निसटतो, म्हणून अशा लोकांशी आधीच जठर काढून टाकण्याबद्दल बोललं जातं.