मराठी विकिपीडिया: पहिलं पान का उडतं?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे नवा माणूस थेट लिहायला बसतो आणि पहिल्याच आठवड्यात अडखळतो. नाशिक परिसरातल्या वाचकांच्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या भागातल्या एका जुन्या मंदिराचं पान मराठी विकिपीडियावर नव्हतं. देवस्थानाच्या माहितीपुस्तिकेवरून मी ते तयार केलं. विश्वस्तांना विचारलंही होतं. दुसऱ्या दिवशी पान गायब! आता सगळं पुन्हा लिहायचं का? (निवृत्त शिक्षिका, पंचवटी)

उत्तर: हो, पुन्हाच लिहावं लागेल, पण तुमची मेहनत वाया गेलेली नाही. उडवलेलं पान वाचकाला दिसत नसलं तरी प्रचालकांना, म्हणजे पानं काढण्याचे जादा अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना, दिसतं. ते कुणी आणि का काढलं याची नोंद राहते. पानाच्या जुन्या दुव्यावर गेलात तर ती दिसेल. कारणाच्या जागी बहुधा ‘प्रताधिकार भंग’, म्हणजे कॉपीराइटचा भंग, असं लिहिलेलं असेल.

पुस्तिका ज्याने लिहिली, तिच्यावर हक्क त्याचा. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. विश्वस्तांचं ‘वापरा की!’ एवढं इथं पुरत नाही. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो. म्हणजे तो कुणीही बदलू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. विश्वस्तांनी होकार दिला तेव्हा बहुधा हे त्यांच्या मनात नव्हतं. मूळ हक्कदाराने संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून विकिमीडियाच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांना तसं लेखी कळवलं, तरच तो मजकूर ठेवता येतो. पण हा खटाटोप करू नका, असाच आमचा सल्ला आहे. पुस्तिका भाविकांसाठी लिहिलेली असते. ‘नवसाला पावणारं जागृत देवस्थान’ हे वाक्य तिथं शोभतं, ज्ञानकोशात नाही.

हक्क शब्दरचनेवर असतो, माहितीवर नाही. म्हणून पुस्तिका मिटून ठेवा आणि आधी साधनं गोळा करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी माहितीग्रंथाचा, सोळावा खंड नाशिक जिल्ह्यावर आहे. तो १८८३ साली निघाला आणि आता प्रताधिकारमुक्त आहे. शहरातली बरीच देवळं, घाट आणि कुंडं त्यात सापडतात. त्यातून काही घेतलंत तर ‘१८८३ च्या नोंदीनुसार’ असं जरूर लिहा, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीची स्थिती आजची म्हणून वाचली जाते. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, स्थानिक इतिहासाची पुस्तकं मिळतील. पुस्तक हातात असतानाच लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक टिपून घ्या. पान क्रमांक नसलेला संदर्भ दुसऱ्याला तपासता येत नाही.

दंतकथा कुठं घालायची, हा प्रश्न नाशिकच्या देवळांबाबत हमखास येतो. रामकुंडाजवळचं कपालेश्वर घ्या. या शिवमंदिरात नंदी नाही, ही वस्तुस्थिती आहे. तो का नाही, ही आख्यायिका आहे. पहिलं वाक्य साध्या विधानासारखं येईल. दुसरं ‘आख्यायिका’ या वेगळ्या मथळ्याखाली, कोणत्या ग्रंथात किंवा लेखात ती सांगितली आहे हे नोंदवून यावं. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळली की पानावर ‘संदर्भ हवा’ची पाटी लागते, आणि ती योग्यच असते.

नवा मजकूर थेट पानावर टाकू नका. तुमच्या सदस्यपानाखाली (खात्याच्या नावाच्या पानाखाली) ‘धूळपाटी’ नावाचं सरावाचं उपपान उघडा आणि तिथं लिहा. पाच-सहा वाक्यं झाली, मंदिराची दखल घेणारी किमान दोन स्वतंत्र साधनं जोडली, की चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) किंवा एखाद्या प्रचालकाच्या चर्चापानावर (त्याला निरोप ठेवायच्या पानावर) ‘एकदा नजर टाकाल का?’ असं विचारा. मगच पान मुख्य जागी हलवा. देवस्थानाची स्वतःची पुस्तिका किंवा संकेतस्थळ स्वतंत्र साधन ठरत नाही. पूजेच्या वेळा सांगायला ते चालेल, महत्त्व सिद्ध करायला नाही.

प्रश्न: नाशिकच्या पानावर लोकसंख्या फारच जुनी होती. मी २५ लाख केली. कुणीतरी परत जुनी केली. असं तीनदा झालं, आणि आता माझ्या चर्चापानावर ताकीद आली आहे. जुनी आकडेवारी ठेवण्यात यांना काय मिळतं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर: तो आकडा जुना आहे हे खरं, पण तपासता येण्याजोगा तोच आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ आणि जिल्ह्याची ६१,०७,१८७ होती. (शहर आणि जिल्हा यांची सरमिसळ ही या पानांवरची नेहमीची चूक. आधी ती तपासा.) शहर वाढलं आहे हे डोळ्यांना दिसतं, पण ‘२५ लाख’ कुणी, कधी आणि कोणत्या हद्दीसाठी मोजले? याचं उत्तर देणारा सरकारी अहवाल हाती असेल तर जनगणनेचा आकडा न पुसता त्याच्या शेजारी वर्षासह ‘अंदाज’ म्हणून लिहा. नसेल तर थांबा.

ताकीद आकड्यामुळे आली नाही, तोच बदल पुन्हा पुन्हा केल्यामुळे आली. इंग्लिश विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले की खात्यावर बंदी येऊ शकते. मराठीतही अशी ओढाताण दिसली की प्रचालक पान सुरक्षित करतात किंवा खात्याला काही काळ अटकाव करतात. लॉगआउट करून किंवा दुसरं खातं काढून तोच बदल करणं तर मुळीच नको. ते उघडकीस येतं आणि विश्वास कायमचा जातो.

तुमचा बदल पहिल्यांदा उलटवला गेला तेव्हाच पानाचा ‘इतिहास’ उघडायचा होता. तिथं प्रत्येक बदलाची वेळ, सदस्याचं नाव आणि त्याने लिहिलेला सारांश असतो. दोन आवृत्त्या निवडून तुलना केली की नेमका फरक शेजारी शेजारी दिसतो. सारांशातलं कारण वाचा, मग लेखाच्या चर्चापानावर नवा विभाग काढून तुमचा मुद्दा आणि साधन मांडा. शेवटी चार टिल्डा ~~~~ टाका, म्हणजे सही आणि वेळ आपोआप येते. सही फक्त चर्चेत करायची, लेखात कधीही नाही. मराठीत रोज काम करणारी माणसं मोजकी आहेत, त्यामुळे उत्तराला काही दिवस लागू शकतात. आठवडा गेला तरी कुणी फिरकलं नाही, तर चावडीवर त्या चर्चेचा दुवा द्या. आणि हो, स्वतः बदल करताना सारांशाची चौकट कधी रिकामी ठेवू नका. ‘जनगणना २०११ चा संदर्भ जोडला’ एवढे चार शब्द असले तरी अर्धे वाद होत नाहीत.

प्रश्न: गोदाघाटाचे, पुतळ्यांचे आणि रंगवलेल्या भिंतींचे फोटो आहेत. कुठले चालतील? (छायाचित्रणाचा छंद असलेला वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: घाट, देवळं आणि वाडे यांचे तुम्ही स्वतः काढलेले फोटो बिनदिक्कत चढवा. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये इमारतींना आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांना सूट आहे, त्यामुळे चौकातला पुतळाही चालतो. भिंतीवरच्या चित्रांना मात्र ती सूट नाही. चित्रकार हयात असेल किंवा त्याच्या निधनाला ६० वर्षं झाली नसतील, तर तो फोटो काढून टाकला जाईल. फ्लेक्स, पुस्तकाचं मुखपृष्ठ, वर्तमानपत्राचं कात्रण यांनाही हेच लागू.

फोटो विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहावर चढवा, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांना वापरता येतो. कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली मूळ फाइलच द्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोचा आकार कमी होतो आणि कॅमेऱ्याची, तारखेची नोंद पुसली जाते. मग तो इंटरनेटवरून उचलल्याचा संशय येतो. फाइलचं नाव ‘आयएमजी’ आणि आकडे असं ठेवू नका. ‘नारोशंकर मंदिर, नाशिक, पूर्वेकडून’ असं नाव दिलंत तर शोधणाऱ्याला सापडेल.

प्रश्न: माझ्याकडे जुने लेख श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. चिकटवले की भलतीच अक्षरं येतात. (सिडको)

उत्तर: जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात, विकिपीडियाला युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, लागतं. आधी परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून) मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरं इथं हमखास बिघडतात. नवीन टाइप करायचं असेल तर विकिपीडियातच सोय आहे. लिहिण्याच्या चौकटीत असताना कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी टंकन चालू-बंद होतं. पद्धत अक्षरांतरण (इंग्रजी अक्षरांत उच्चारानुसार टाइप करणं) किंवा इनस्क्रिप्ट (देवनागरीचा स्वतंत्र कळफलक) यांतून निवडता येते.

प्रश्न: इंग्लिश लेख यंत्राने भाषांतरित करून टाकले तर मराठीत पटापट भर पडेल ना? (संगणक अभियंता, इंदिरानगर)

उत्तर: पानं वाढतील, पण वाचणारा पहिल्या परिच्छेदातच परत फिरेल. भाषांतराचं साधन विकिपीडियातच आहे, आणि यंत्राचा मजकूर जवळजवळ तसाच ठेवलात तर ते स्वतःच इशारा देतं. एका वेळी एकच परिच्छेद घ्या, इंग्लिश वाक्य वाचून नजरेआड करा आणि मराठीत नव्याने सांगा. आपल्या भागातली नावं डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘येवला’चं ‘येओला’ होतं, ‘निफाड’चं ‘निफाद’. साधनाबाहेर हाताने भाषांतर केलंत, तर कोणत्या इंग्लिश लेखावरून केलं ते सारांशात दुव्यासह लिहा. मूळ लेखकांना श्रेय देणं ही परवान्याची अट आहे.

संदर्भही आपोआप खरे ठरत नाहीत. प्रत्येक दुवा उघडून पाहा. त्यात ती माहिती नसेल, तर इंग्लिश लेखात असूनही ते वाक्य मराठीत घेऊ नका. यथादृश्य संपादकात (पान जसं दिसतं तसंच बदलू देणाऱ्या ‘व्हिज्युअल एडिटर’मध्ये) कंट्रोल, शिफ्ट आणि के एकदम दाबलं की संदर्भाची चौकट उघडते. तिथं पत्ता टाकल्यावर शीर्षक आणि तारीख बऱ्याचदा आपोआप भरली जाते. मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत ती अर्धवट येते, तेव्हा हाताने दुरुस्त करा. एआयने सुचवलेली पुस्तकं मात्र ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्यक्ष सापडेपर्यंत संदर्भ म्हणून जोडू नका. त्यांतली काही कुणी लिहिलेलीच नसतात.