दोघा भावांचं गाव कोणतं?

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एवढा अवघड पेच समोर आला, याचं वाईट वाटलं. मोठा नऊ वर्षांचा, तुझ्या बालगृहात. धाकटा चारचा, शिशुगृहात, कारण वयाप्रमाणे संस्था वेगळ्या. आता धाकट्याला दत्तक देऊन टाकू, निदान एकाचं तरी भलं होईल, असं सगळे म्हणतात आणि तुझं मन मानत नाही.

मानू देऊही नकोस. पण अशा मुलांचा निर्णय करणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे 'मन मानत नाही' एवढ्यावर भागत नाही, म्हणून हे पत्र.

आधी फाइल उघडून बघ, दोघं आली कशी? मी जिथं जिथं काम केलं तिथल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप, नाहीतर आजी-मावशी कुणीतरी होतं. नव्हतं ते घरात धान्य, किंवा आजारपणाला पैसा. नुसत्या गरिबीपायी मूल घरापासून तोडू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. भावंडांची ताटातूट करू नये, हेही तिथंच आहे. आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो.

माझी एक चूक सांगते. ती कुणाला फारशी सांगितलेली नाही. बीडकडची सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. आईबाप तिला आजीजवळ ठेवून गेले होते, आजी वारली, शेजाऱ्यांनी पोरीला पोलिसांकडे दिलं. तीन महिने कुणी फिरकलं नाही. मी अहवालात लिहून टाकलं, 'पालकांना मुलीत रस नाही.' समितीतल्या एक वयस्कर सदस्य बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोयत्यावर गेले असतील. मुकादमाला फोन लावला का?" कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला, आणि मुकादम म्हणजे तिथं मजूर नेणारा ठेकेदार. नव्हता लावला फोन. लावल्यावर तिसऱ्या दिवशी आई दारात. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगावर उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीचं कर्ज, आणि सासू गेल्याचंही तिला धड कळलेलं नव्हतं. मुलगी तिला बिलगली ती सोडेचना.

कायद्यात दोन वर्षांवरच्या, बेवारस सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवायला ४ महिन्यांची मुदत आहे. उसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो तो गुढीपाडव्यापर्यंतही चालतो. म्हणजे मुदत संपली तरी आईबाप उसाच्या फडातच असू शकतात. हे गणित प्रशिक्षणात कुणी मांडत नाही. ते तुला मांडावं लागेल.

त्या मुलीला शेवटी मावशीनं सांभाळलं, बालसंगोपन योजनेतून. आज त्या योजनेत महिन्याला एका मुलामागे २,२५० रुपये मिळतात. फार नाहीत. पण वह्या, चपला, दवाखाना निघतो, आणि मूल आपल्या माणसांत राहतं. तुझ्या दोघांची आजी किंवा काका असतील, तर आधी हा अर्ज भर.

याचा अर्थ दत्तक वाईट, असा मुळीच घेऊ नकोस. खरंच कुणी नसलेल्या मुलाला आईबाप मिळताना मी पाहिलंय आणि दर वेळी रडलेय. पण ते घर दोघांसाठी मिळून शोध. वेळ लागेल. लागू दे. आणि मूल स्वतः सोडून द्यायला येणाऱ्या आईला विचार बदलायला कायद्यानं २ महिने दिलेत. त्या दिवसांत तिला कुणी 'आता मागं वळू नकोस' असं सांगत असेल, तर ते तुझ्या देखत होऊ देऊ नकोस.

मोठ्याशी बोललास का? ऑफिसात खुर्चीवर बसवून नव्हे. संध्याकाळी मैदानावर, नाहीतर भाजी निवडताना. 'भाऊ कुठं गेला तर चालेल का' असं विचारू नकोस, नऊ वर्षांचं पोर मोठ्यांच्या मनासारखंच उत्तर देतं. धाकट्याला झोपताना काय लागतं, कुणाची आठवण काढतो, आजारी पडला की कोण जवळ घ्यायचं, हे विचार. गावाचा, आत्याचा, बाजाराच्या दिवसाचा पत्ता त्यातून लागतो. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत अहवालात लिही. आणि तोवर आठवड्यातून एकदा तरी दोघांची भेट घडव. अधीक्षिका कुरकुरतील, गाडी नाही म्हणतील. एसटीनं ने.

अजून एक, घाईत सांगते. वाढदिवस साजरा करायला येणाऱ्या दात्यांना मुलांचे फोटो काढू देऊ नकोस. असे फोटो छापणं, पसरवणं कायद्यानं गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे केकसमोर हात जोडून उभं राहिलेलं ते पोर उद्या मोठं होणार आहे.

दोघांचं गाव आणि बापाचं काम कळलं की मला लगेच फोन कर. ऊसतोडीचं असेल तर दोन-तीन मुकादम अजून माझ्या ओळखीचे आहेत.

तुझी,
ताई