धारच्या घराआधी त्या पॉलिसीचं बघा

प्रश्न : इंदूरला भाड्याने राहतो. पगार २७ हजार, पत्नीला शिकवण्यांचे ६ हजार. नोकरी आता धारला आहे. तिथे १५ लाखांचं घर पाहिलंय, १२ लाख कर्ज लागेल. ३ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढून पंतप्रधान आवास योजनेतला फ्लॅट घेऊ, की व्याजाची सबसिडी? बँकेतल्या एकाने ‘कर्ज लवकर होईल’ म्हणून वर्षाला ६० हजारांची पॉलिसी दिली आहे. दोन हप्ते भरले. १५ वर्षांनी १३ लाख येतील, त्यातून कर्ज फेडू.

उत्तर : तिसरा हप्ता भरू नका. बाकीचं त्यानंतर.

१५ वर्षांत ९ लाख भरून १३ लाख, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के. कर्जाचा दर मात्र साडेआठ टक्के धरू. साडेआठने घेतलेलं कर्ज साडेचारच्या पैशाने फिटत नाही. १२ लाखांचा २० वर्षांचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये, एकूण व्याज १३ लाख. पॉलिसीचे महिना ५ हजार कर्जातच भरले तर कर्ज साडेनऊ वर्षांत संपतं आणि व्याज साडेपाच लाखांवर येतं. साडेसात लाख वाचले! पॉलिसी १५ वर्षांत भरलेल्यापेक्षा ४ लाखच जास्त देते.

आणि विमा? वार्षिक हप्त्याच्या दसपट धरला तरी ६ लाख, कर्जाच्या निम्मा. तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेले ६ लाख शिकवण्यांतून फिटायचे का? आधी ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा, घ्या. त्याच्या हप्त्याने वरचा बचतीचा आकडा थोडा उतरेल, निष्कर्ष तोच राहील. टर्म सुरू झाल्यावर जुनी पॉलिसी सोडा. भरलेल्या १ लाख २० हजारांतले किमान ३० टक्के, म्हणजे ३६ हजार मिळतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. ८४ हजारांचा फटका दुखेल, पण तो वाचवायला आणखी १३ हप्ते भरणं जास्त महाग. विमा घेतला तरच कर्ज, अशी अट बँकेला घालता येत नाही. तसं सांगितलं गेलं असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा.

आता घर. तुमचं वार्षिक उत्पन्न ३ लाख ९६ हजार. ३ लाखांचा दाखला खोटा ठरेल आणि पगार बँक खात्यात दिसतोच. तो विचार सोडा. ३ ते ६ लाखांच्या गटाला योजनेच्या २.० मध्ये व्याज अनुदान आहे : पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, कमाल १ लाख ८० हजार. कर्ज २५ लाखांच्या आत, घर ३५ लाखांच्या आत हवं, दोन्हीत बसता. तुम्ही, पत्नी किंवा अविवाहित मुलं यांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. वडिलांचं घर असेल तर ते यात मोजत नाहीत, पण त्याच्या रजिस्ट्रीत तुमचं नाव चढलेलं नाही ना, ते आज तपासा. अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर. घरातल्या सगळ्यांचे आधार आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. नवं घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर घ्या. ‘अर्ज पास करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च तुम्ही स्वतः घालायच्या ३ लाखांशिवाय वेगळा धरा.

अनुदान एकरकमी येत नाही. ३६ हजारांचे पाच वार्षिक हप्ते थेट कर्जखात्यात येतात आणि प्रत्येक वेळी कर्ज चालू व निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक लागतं. म्हणजे तुमच्या बाबतीत ६ लाखांच्या वर. जादा ५ हजार आणि अनुदान दोन्ही मुद्दलात जात राहिले, तर पाचव्या हप्त्याच्या वेळी ५ लाखांच्या आसपासच उरतात आणि तो ३६ हजारांचा हप्ता हातचा जातो. म्हणून तीन वर्षं जादा भरा, चौथ्या-पाचव्या वर्षी तेच ५ हजार आरडीत टाका. पाचवा हप्ता खात्यात दिसला की आरडीची रक्कम एकदम मुद्दलात भरा. तरत्या, म्हणजे बदलत्या, व्याजदराच्या गृहकर्जाला त्याचा दंड नाही.