आक्रमण बदलते ते कोणामुळे?

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल मी काही वर्षांपासून आवडीने पाहतो. संघात बरेचसे खेळाडू तेच असतानाही एकाच हंगामात आक्रमणाचा चेहरामोहरा कसा पालटतो? हे काम मुख्य प्रशिक्षकाचे की त्याच्या साहाय्यकांचे? – एक वाचक

उत्तर : बदल करायचा की नाही, हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो, पण तो बदल खेळाडूंच्या अंगी मुरवतात ते साहाय्यकच, आणि माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा त्यांच्याच पदरात पडायला हवा. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एलएसयूच्या, संघाचे उदाहरण पाहा. क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रे सांभाळून पास फेकणारा खेळाडू, जो बरो याने 2018 मध्ये 16 टचडाउन पास, म्हणजे थेट टचडाउनचे गुण मिळवून देणारे पास, दिले होते. 2019 मध्ये त्याच खेळाडूने असे 60 पास दिले, संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जरॉन हे मूळचे बचावफळीचे प्रशिक्षक. आपले आक्रमण जुन्या वळणाचे झाले आहे हे ओळखून त्यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या 29 वर्षांच्या साहाय्यकाला पासिंगच्या खेळाची आखणी करण्यासाठी आणले. आक्रमणाचे समन्वयक, म्हणजे आक्रमणाची जबाबदारी सांभाळणारे प्रमुख साहाय्यक, स्टीव्ह एन्समिंगर मात्र आपल्या पदावर कायम राहिले आणि दोघांनी मिळून काम केले. अनुभवी समन्वयकाने तरुण सहकाऱ्याच्या कल्पनांना मोकळेपणाने वाव द्यावा, ही गोष्ट मला त्या साऱ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते, कारण अनेक संघांत नवी पद्धत नेमकी इथेच अडते.

नव्या आक्रमणात ज्याला आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे ऐन वेळी ठरवणे) म्हणतात तो डाव जवळून पाहिला, तर इतर साहाय्यकांचे काम लक्षात येते. या डावात क्वार्टरबॅक समोरच्या एकाच बचावपटूवर, बहुधा लाइनबॅकरवर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या असलेल्या खेळाडूवर), नजर ठेवतो. तो बचावपटू पुढे धावून आला तर त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत पास टाकायचा आणि तो मागेच थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, हाती द्यायचा. लाइनमनना, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे ओळीने उभे राहून बचावपटूंना अडवणाऱ्या खेळाडूंना, मात्र यातले काय घडणार हे ठाऊक नसते, त्यामुळे ते धावेच्या डावाप्रमाणेच पुढे सरकत अडवणूक करतात. डाव जिथून सुरू होतो त्या रेषेपलीकडे पास जाणार असेल, तर तो सुटेपर्यंत लाइनमनने त्या रेषेच्या तीन यार्डांपेक्षा पुढे जाऊ नये, असा महाविद्यालयीन नियम आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ही मर्यादा एकाच यार्डाची आहे. म्हणजे जोर लावायचा, पण पाऊल आवरायचे, ही कसरत लाइनच्या प्रशिक्षकाला रोजच्या सरावात घोटून घ्यावी लागते. हा सराव कच्चा असेल, तर समन्वयकाने कागदावर आखलेला उत्तम डावही दंडात जातो.

अर्थात, सगळे काही प्रशिक्षकांच्याच हाती असते असे नाही. ब्रेडी 2020 मध्ये कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेले आणि एलएसयूने त्या हंगामात पाच सामने जिंकले, तर पाच गमावले. पण बरोसह अनेक गुणी खेळाडूही तेव्हा एनएफएलमध्ये गेले होते, तेव्हा ती घसरण एकट्या ब्रेडींच्या जाण्यावर ढकलणे योग्य होणार नाही.

यापुढे आपल्या आवडत्या संघाने नवा समन्वयक नेमला, तर त्याने जोडीला लाइनचा आणि क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक म्हणून कोणाला घेतले, हे आवर्जून पाहा. जुनेच साहाय्यक ठेवले असतील, तर पद्धत रुळायला बहुधा अधिक वेळ लागतो.